दोन शपथपत्रं

ओळखपत्रावरची सही सहा सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर लांब होती. समोरच्या कागदावरची दोन सेंटिमीटर आणि एक मिलिमीटर. नोटरी देवश्री बक्षी हिने पारदर्शक पट्टी आधी एकीवर ठेवली, मग दुसरीवर, आणि खात्री व्हावी म्हणून पुन्हा पहिलीवर.

"काका, दोनों आप ही की हैं?"

"माझ्याच आहेत," चारुदत्त खरवडे म्हणाले. "वापरून वापरून लहान झाली."

हे अगदी खरं होतं. ओळखपत्र दोन हजार सहा सालचं होतं. त्या वर्षी खारून ऊर्जा वितरण कंपनीने त्यांना नियामक विभागात घेतलं आणि कंपनीचे प्राधिकृत शपथकर्ता नेमलं. वीज नियामक आयोगापुढे कंपनीला जे काही म्हणायचं असतं ते कुणीतरी शपथेवर म्हणावं लागतं, आणि कंपनीला तोंड नसतं. तेव्हापासून ते तोंड खरवड्यांचं होतं. सुरुवातीला ते 'चारुदत्त वामनराव खरवडे' अशी पूर्ण सही करीत. चार वर्षांनी वामनराव गेले. म्हणजे सहीतून गेले, वडील चांगले ठणठणीत होते. पुढे आडनाव विरघळलं. आता उरला होता एक 'च' आणि त्याच्यापुढे एक रेघ, आधी वरखाली होणारी आणि मग सपाट होत जाणारी, झोका थांबत यावा तशी.

एकोणीस वर्षांत त्यांनी एक हजार एकशे सेहेचाळीस शपथपत्रं केली होती. त्यातलं एकही आयोगाच्या कार्यालयाने त्रुटी काढून परत पाठवलं नव्हतं. डावा समास चार सेंटिमीटर, प्रत्येक पानावर क्रमांक, प्रत्येक परिशिष्टाला चिठ्ठी, डाव्या कोपऱ्यात हिरवी दोरी. इतर कंपन्यांचे लोक आपले कागद दाखल करण्याआधी खरवड्यांना दाखवून नेत.

देवश्रीचे वडील श्यामराव बक्षी रायपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात याच टेबलाशी एकतीस वर्षं बसले. खरवडे कागद ठेवत, श्यामराव शिक्का मारत, आणि मधल्या पंधरा सेकंदांत एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होई. गेल्या आठवड्यात श्यामराव घरी बसले आणि टेबल मुलीकडे आलं. देवश्री चौतीस वर्षांची होती. मराठी तिला सगळी कळे, पण उत्तर हिंदीतच येई. आणि ती वाचत होती. पहिल्या शपथपत्राला तिला अकरा मिनिटं लागली होती.

"पोरी, तू काय करून राहिली?"

"पढ़ रही हूँ, काका."

"काहून?"

"शिक्के पे लिखा है न. मेरे समक्ष शपथपूर्वक कथन किया. तो कथन क्या किया, मालूम तो हो."

"श्यामराव तर कधी वाचत नव्हते."

"बाबा को छह साल से मोतियाबिंद था," देवश्री पान उलटत म्हणाली. "उनको दिखता ही नहीं था. घर में भी किसी को नहीं बताया."

सहा वर्षं खरवडे या गोष्टीला विश्वास समजत आले होते.

दुसऱ्या शपथपत्राला नऊ मिनिटं लागली. मग तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"काका, ये पहलेवाला. अभनपूर में कांताबाई साहू की पोहा मिल है. उन्होंने छत पे सोलर लगाया है, मीटर माँग रही हैं. आपकी कंपनी बोल रही है, मत दो. छतवाला सोलर तीन साल के लिए बंद करो, क्योंकि हम कोयले की बिजली का पच्चीस साल का करार कर रहे हैं, और वो बिजली खपनी चाहिए."

"हव."

"अब ये दूसरा. आपकी कंपनी का हरित संकल्प. नया कोयला बिल्कुल नहीं लेंगे, और छतवाला सोलर सात साल में तीन गुना करेंगे." तिने दोन्ही कागदांवर एकेक बोट ठेवलं. "दोनों में लिखा है कि यही एकमात्र मार्ग है."

"त्याचं असं आहे," खरवडे म्हणाले, "हा तिसऱ्या मजल्याचा कागद आहे. हा दुसऱ्या मजल्याचा."

"और शपथ कौन-सी मंज़िल की है?"

"शपथ तर माझी आहे," खरवडे म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना स्वतःच्याच तोंडून अनोळखी वाटलं.

"तो एक पे शिक्का मार देती हूँ." देवश्रीने शिक्का शाईच्या गादीवर टेकवला. "कौन-से पे, आप बोलो."

मागे रांगेत सात जण उभे होते. त्यातल्या एकाला जातीचा दाखला हवा होता, आणि तो म्हणाला की भैया, जल्दी बोल दो, कोई भी चलेगा. खरवड्यांनी दोन्ही कागद उचलून पिशवीत घातले.

व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्यांनी नियामक विभागाचे महाव्यवस्थापक यशोधन कापसे यांना फोन लावला.

"वाचते म्हणजे?" कापसे साहेब म्हणाले.

"सगळं वाचते, सर. परिशिष्टंसुद्धा."

"अहो, पण त्या आवारात दुसरा नोटरी नाही का?"

"चौदा आहेत, सर."

"मग?"

खरवडे फोन खिशात ठेवून पायऱ्या उतरले आणि चिंचेच्या झाडाखाली बसणाऱ्या नोटरीकडे गेले. तो फोनवर कुणाशी तरी बँडवाल्याबद्दल बोलत होता. त्याने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला, एका हाताने खरवड्यांचे कागद ओढून घेतले, दुसऱ्या हाताने शिक्का उचलला. "घोड़ी अलग से या घोड़ी उसी में?" असं तो फोनमध्ये विचारत होता. शिक्का खाली येऊ लागला.

आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत खरवड्यांनी कागद मागे ओढला. दुसरा हात मात्र तिथेच राहिला. शिक्का त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर उमटला, मनगटापासून तीन बोटं वर, जांभळा, गोल, एकही अक्षर न तुटलेला. मेरे समक्ष शपथपूर्वक कथन किया.

"अरे, हिल गए आप," नोटरी म्हणाला. "लाओ, दुबारा मारता हूँ."

"राहू द्या," खरवडे म्हणाले.

कंपनीचं मुख्यालय नवा रायपूरमध्ये होतं. रुंद रस्ते, एकसारखी लावलेली झाडं आणि मधूनच एखादी गाय. गाडीत खरवडे शिक्क्याचा हात मांडीवर उताणा ठेवून बसले. त्यांना राग आला होता, पण तो देवश्रीचा होता, की श्यामरावांच्या मोतीबिंदूचा, की आणखी कुणाचा, ते ठरत नव्हतं.

तसं पाहिलं तर ही विसंगती शोधली होती खरवड्यांनीच. दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे दोन विभागांचे कागद एकाच दिवशी शपथेसाठी आले, आणि दोन्हीत परिशिष्ट सात म्हणजे एकच आलेख होता. छतावरच्या सौरऊर्जेची वाढ. एकात रेघ वर जात होती, दुसऱ्यात खाली. मजकुराशी त्यांना कधी कर्तव्य नसे, पण परिशिष्टांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. त्यांनी टिपण ठेवलं: 'कंपनीची हवामानविषयक प्रतिज्ञा आणि आयोगापुढची भूमिका यांत मेळ नाही. नेमकी कोणती धरावी, याबाबत आदेश व्हावेत.' ते टिपण महाव्यवस्थापकांकडून 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आलं. मग 'चर्चा झाली' म्हणून वर गेलं. मग 'कोणाशी?' म्हणून खाली आलं. तेव्हापासून फाइल चालू होती. आता तिला दोनशे चौदा पानं झाली होती. चर्चेचा शेरा एकतीस वेळा होता, आदेश एकदाही नव्हता. दोन्ही भूमिका आपापल्या मजल्यावर वाढत राहिल्या, आणि आयोगाकडे तारीख आली की कंपनी वेळ मागून घेई.

पण यंदा आयोगाने दोन्ही प्रकरणं एकाच दिवशी ठेवली होती. उद्या.

तिसऱ्या मजल्यावर कापसे साहेबांनी आधी बाहीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"शिक्का आहे, सर."

"कागदावर?"

"कागदावर नाही."

कापसे साहेबांनी डोळे मिटले. ते नागपूरचे, इथे येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांच्या कुठल्याही कागदाला खरवड्यांमुळे एका दिवसाचा उशीर झाला नव्हता. "बरं. बोलावून घ्या त्यांना," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्याला."

दोन मजल्यांमध्ये सव्वीस पायऱ्या होत्या. शाश्वतता कक्षाच्या प्रमुख शर्मिष्ठा दाणी त्या चढून वर आल्या आणि कापसे साहेबांना म्हणाल्या, "आपण पहिल्यांदाच भेटतोय ना?" मग दोघांनी एकमेकांची कार्डं घेतली. एकाच इमारतीचा पत्ता असलेली दोन कार्डं. कॅन्टीनमधून आलूगुंडे, म्हणजे इथले बटाटेवडे, आले. खरवडे फाइल मांडीवर घेऊन कडेच्या खुर्चीवर बसले.

"आमच्याकडे संचालक मंडळाचा ठराव आहे," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या. "एकमताने झालेला. नया कोयला नहीं."

"आमच्याकडेही मंडळाचाच ठराव आहे," कापसे साहेब म्हणाले. "पंचवीस वर्षांचा कोळशाचा करार. तोही एकमताने."

"तुमचा कधीचा?"

"अठरा मार्च."

"आमचाही अठरा मार्च."

दोघांनी खरवड्यांकडे पाहिलं. खरवड्यांनी फाइलमधलं पान एकशे नव्वद उघडलं. "एकाच बैठकीत झाले, सर. विषय क्रमांक नऊ आणि विषय क्रमांक चौदा. मध्ये जेवण झालं होतं."

आलूगुंड्यांबरोबरची मिरची कापसे साहेबांनी बाजूला काढून ठेवली.

"शब्द बदलता येतील," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे 'तिप्पट करू' आहे. त्याआधी 'परिस्थिती पाहून' टाकलं तर?"

"आणि आम्ही 'बंद करावी'च्या जागी 'तूर्त घाई करू नये' म्हणू."

"म्हणजे मग परिस्थिती पाहून घाई न करता तिप्पट."

"वाईट नाही," कापसे साहेब म्हणाले आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

"पण सर," खरवडे म्हणाले, "त्या बाईंना मीटर मिळणार की नाही?"

"कोणत्या बाई?"

"पोहा मिलवाल्या. अभनपूरच्या. त्यांचा अर्ज आहे म्हणून तर हे सगळं आहे. चौदा महिने झाले."

दोघांनाही हा मुद्दा अस्थानी वाटला असावा. शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, "खरवडेजी, इतकं वैयक्तिक नका घेऊ. आमचं ते व्हिजन आहे. यांचं ते नियामक आहे. दोन्ही आपापल्या जागी..."

"मॅडम, दोन्ही माझ्या जागी आहेत," खरवडे म्हणाले. "खाली नाव माझंच आहे."

शेवटी एक समिती नेमायची ठरली. तिची पहिली बैठक गुरुवारी होणार होती. सुनावणी बुधवारी होती. तेव्हा उद्या जाऊन खरवड्यांनी वेळ मागून घ्यावा, असंही ठरलं. युक्तिवाद करायचा असला की दिल्लीहून वकील येत, वेळ मागायला खरवडेच जात. नऊ वेळा तेच गेले होते.

शर्मिष्ठा मॅडम खाली गेल्यावर कापसे साहेबांनी दार लोटून घेतलं. "खरवडे, तीस एप्रिलला तुमची सेवा संपते. दोन वर्षांच्या मुदतवाढीची फाइल इथे आहे, माझ्या टेबलावर. उद्या गुपचूप वेळ मागून या. परवा मी सही करतो."

त्यांचा स्वर धमकीचा नव्हता. आपण चांगली बातमी देतो आहोत, असंच त्यांना वाटत होतं, आणि एका अर्थाने ती होतीच.

समता कॉलनीतल्या घरी साडेसहाला चहा झाला. कुसुमताई सायन्स कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळा साहाय्यक होत्या आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. आता सकाळी योगासनं, अकराला वाचनालय, दुपारी शेजारच्या मुलींना रसायनशास्त्र, असा त्यांचा दिवस बसला होता. त्या दिवसात नवऱ्याला कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्यांनी मुदतवाढीवर सोडून दिला होता.

"सदरा कोणाच्या समक्ष कथन करून राहिला?" त्यांनी बाही धरून वाचलं.

खरवड्यांनी सगळं सांगितलं. सांगता सांगता ते उठले, कपाट उघडलं, आणि जुन्या शपथपत्रांच्या प्रतींचे गठ्ठे दिवाणावर आणून ठेवले.

"आता हे काय काढलं तुम्ही?"

"वाचतो."

"आता? एकोणीस वर्षांनी?"

"तुले सांगू, कुसुम, त्या पोट्टीले नऊ मिनिटं लागली. मले वाटलं, आपल्यालेही वाचता येते की."

त्यांनी पहिलं शपथपत्र उघडलं. पहिलं वाक्य होतं, 'खालील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून तो माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे.' दुसरं उघडलं. तेच. पाचवं, अकरावं, चाळिसावं. तेच. खरवड्यांनी चष्मा काढून पुसला.

"मजकूर खरा होता का खोटा, ते मले माहीत नाही," ते म्हणाले. "पण हे पहिलंच वाक्य खोटं आहे. एक हजार एकशे सेहेचाळीस वेळा."

हा माणूस घरी इतका काटेकोर होता की भाजीत मीठ कसं आहे विचारलं तर दुसरा घास घेतल्याशिवाय सांगत नसे. कुसुमताईंनी त्यांच्यापुढे शेवेची वाटी सरकवली. "आजच्या दोनपैकी खरं कोणतं आहे?"

"तेच तर कोणी ठरवत नाही."

"म्या तुमाले विचारलं. लोकाइले नाही."

"दुसरं," खरवडे म्हणाले. "म्हणजे खरं नाही अजून. पण करता येण्यासारखं आहे. आलेखात वर जाणारी रेघ बरोबर होती, खालची कोणी तरी उलटी लावली होती. ते तर मी चार वर्षांपूर्वीच तपासलं."

"मग सांगा न तसं."

"मी सांगून काय होते? मले अधिकार नाही. अधिकारपत्रात असते तेवढंच..." ते थांबले. अधिकारपत्रही त्यांनी कधी वाचलं नव्हतं. ते दर वर्षी स्वतःच टाइप करून घेत, जुन्या नमुन्यावरून, फक्त साल बदलून, आणि कंपनीच्या अध्यक्षांची सही घेऊन प्रत्येक शपथपत्राला जोडत. यंदाचं आजच्या शपथपत्राच्या हिरव्या दोरीखाली सापडलं.

खरवडे मोठ्याने वाचू लागले. "'कंपनी याद्वारे श्री. चारुदत्त वामनराव खरवडे यांस पुढील अधिकार देत आहे. सदर मिळकतीची देखरेख करणे. कुंपण घालणे. कुळांस काढणे वा ठेवणे. मिळकतीवरील आंबा, मोह व चिंच यांची फळे उतरवून त्यांची विल्हेवाट लावणे...'"

"काय?"

"आंबा, मोह व चिंच."

कुसुमताईंनी कागद ओढून घेतला. वाचता वाचता त्यांना इतकं हसू आलं की चहाचा कप खाली ठेवावा लागला. खरवड्यांच्या आधी त्या खुर्चीवर जे कुणी होते त्यांनी कुठल्या तरी शेतजमिनीच्या मुखत्यारपत्रावरून हा नमुना उचलला होता. मग तो खरवड्यांकडे आला. समास चार सेंटिमीटर होता, म्हणून त्यांनी तो जसाच्या तसा ठेवला. पाच अध्यक्षांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

"एकोणीस वर्षं तुमाले आंबे उतरवायचा अधिकार होता," कुसुमताई डोळे पुसत म्हणाल्या, "अन् तुम्ही घरी एक कैरी आणली नाही."

"पुढे वाच."

"'...तसेच कोणत्याही न्यायासनापुढे कंपनीच्या वतीने कथन करणे, कथनात दुरुस्ती करणे, तडजोड करणे, आक्षेप घेणे वा घेतलेला आक्षेप मागे घेणे. या कामी ते जे करतील ते कंपनीने स्वतः केले असे समजण्यात येईल.'"

त्यांचं हसू थांबलं. खरवड्यांनी कागद परत घेतला आणि ती ओळ पुन्हा, या वेळी मनात, वाचली. मग आजची दोन्ही शपथपत्रंही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

"मुदतवाढ जाईल," ते म्हणाले.

"हव. जाईल."

"मग मी सकाळी अकरा वाजता काय करायचं?"

"मलेही तीच भीती आहे," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही माझ्या मसाल्याच्या डब्यांना क्रमांक घालसान." मग त्या रिकामे कप उचलून आत गेल्या, आणि आतून म्हणाल्या, "पण मी ते सांभाळून घेईन."

बुधवारी साडेदहाला आयोगाचं सभागृह निम्मं भरलं होतं. कापसे साहेब तिसऱ्या रांगेत बसले होते, शर्मिष्ठा मॅडम चौथ्या. पहिल्या रांगेत निळ्या लुगड्यातल्या एक बाई मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा खरवड्यांना कळलं की या कांताबाई साहू. चौदा महिने त्या त्यांच्यासाठी पहिल्या पानावरचा अर्जदार क्रमांक एक होत्या.

कांताबाईंनी पिशवीतून एक फोटो काढून आयोगाच्या अध्यक्षांपुढे ठेवला.

"ये मोर मिल हरे, साहब," त्या म्हणाल्या. "अउ मोर मिल के दीवार म कंपनी के बोर्ड लगे हे."

अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी फोटो चष्म्याजवळ नेला. मिलच्या अख्ख्या भिंतीवर खारून ऊर्जाचं हिरवं होर्डिंग होतं. त्यावर एक हसरा सूर्य होता आणि 'हर छत एक बिजलीघर' असं लिहिलेलं होतं. होर्डिंगच्या वर छत होतं आणि छतावर कांताबाईंचे चौदा महिने रिकामे बसलेले सौर पॅनेल.

"हे होर्डिंग कंपनीनेच लावलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

कांताबाई म्हणाल्या की कंपनीनेच. दोन मुलं आली होती, फार चांगली वागली. भिंत द्या म्हणाली, आपण सूर्याचा प्रचार करतो आहोत. त्यांनी भिंत दिली आणि मुलांना पोहे खाऊ घातले. आता त्यांचं म्हणणं एवढंच होतं की भिंतीवर एक आणि कोर्टात दुसरं, असं कसं? गिऱ्हाईक विचारतं, बाई, तुमच्या भिंतीवर लिहिलंय, मग तुमच्याकडे का नाही? त्यावर काय सांगायचं, ते कंपनीने त्यांना शिकवावं. तेवढं शिकवलं तरी त्या मुकाट्याने घरी जातील.

सभागृहात हसू पसरलं. चौथ्या रांगेत शर्मिष्ठा मॅडम पर्समध्ये काही तरी शोधू लागल्या.

"कंपनीतर्फे कोण आहे?" अध्यक्षांनी विचारलं. "दोन्ही प्रकरणांत शपथपत्रं आलेली नाहीत. म्हणजे आज परत वेळ हवा असणार." हेही ते हसूनच म्हणाले. त्यांनी पेन उचललं होतं, 'वेळ दिला' असं लिहायला.

खरवडे उठले. मागून कापसे साहेबांची कुजबुज ऐकू आली, "चार आठवडे म्हणा. सहा म्हणा."

खरवड्यांनी हिरव्या दोरीतलं अधिकारपत्र पुढे दिलं. अध्यक्ष ते वाचू लागले. ते सावकाश वाचत होते. मध्येच त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे आंबे कुठले?"

"ते चुकून आलेत, महोदय. एकोणीस वर्षांहून जुनी चूक आहे, माझ्या हातून चालू राहिली. पण शेवटच्या परिच्छेदात चूक नाही. खाली कंपनीच्या अध्यक्षांची सही आहे."

आयोगाच्या अध्यक्षांनी शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समोरच्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बोला," ते म्हणाले.

आजवर या सभागृहात खरवडे एकच वाक्य बोलले होते, आणि त्या वाक्यात 'विनंती' हा शब्द असायचा. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कापसे साहेब उभे राहिले असावेत. खरवड्यांनी वळून पाहिलं नाही. कांताबाई मात्र त्यांच्याकडे बघत होत्या, हात पिशवीवर तसेच ठेवून.

"महोदय, दोन्ही कागद मी काल पूर्ण वाचले," खरवडे म्हणाले. "दोन्ही खरे असू शकत नाहीत. कंपनी आपला आक्षेप मागे घेते. यांच्या मिलला मीटर बसेल."